अजून अवकाश आहे

आमच्या आजीच्या बोलण्यात ‘अवकाश’ हा शब्द फार यायचा. भाकरीला अजून अवकाश आहे, पावसाला अवकाश आहे, गाडी यायला अवकाश आहे. तिला अक्षरओळख नव्हती. पण हा शब्द तिच्यापाशी होता आणि त्याचा अर्थ होता वेळ. अजून हातात असलेला, सरून न गेलेला वेळ. पुढे शाळेत अवकाश भेटला तो निराळाच. अवकाशयान, अवकाशवीर वगैरे. तो म्हणजे वरची पोकळी. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कसे, असे मला त्या वेळी कधी वाटले नाही. आपल्या भाषेत असे चालतेच. ‘परवा’ होऊन गेलेलाही असतो आणि यायचाही असतो. कोणाचे काही अडत नाही.

माझे अडले ते गेल्या वर्षी, २८ फेब्रुवारीला. विज्ञान दिनाचे व्याख्यान होते, आणि विज्ञान शाखेची मुले सभागृह भरायला पुरेनात म्हणून आम्हा कलाशाखेच्या मुलींना मागच्या बाकांवर नेऊन बसवण्यात आले. खरे सांगायचे तर मी वहीत मैत्रिणीशी चिठ्ठीचा खेळ खेळत होते. इतक्यात औंढा नागनाथचे नाव कानावर पडले. आमचे गाव त्याच तालुक्यातले. आमच्याकडे औंढा म्हणजे नागनाथाचे देऊळ आणि महाशिवरात्रीची जत्रा. व्याख्याते मात्र सांगत होते, की तिथे ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारायची आहे. एकमेकींशी काटकोन करणाऱ्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, त्यांतून लेसरचा प्रकाश. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तत्त्वतः आणि २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह तिला मान्यता दिली. ती आकाशातला प्रकाश पाहणार नाही. ती अवकाश-काल किंचित ताणला किंवा आवळला गेला, तर तेवढे टिपणार.

अवकाश-काल! हा जोडशब्द ऐकून मला हसूच आले. माझ्या आजीच्या हिशेबाने तो ‘वेळ-वेळ’ असा झाला असता.

व्याख्याते म्हणजे आमच्याच महाविद्यालयातले पदार्थविज्ञानाचे सर. त्यांनी सांगितले ते मला समजले तेवढे असे. १९०५ साली आइन्स्टाइनने दाखवून दिले, की दूरदूरच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या की नाही, याचे उत्तर पाहणाऱ्याच्या गतीप्रमाणे बदलते. तीन वर्षांनी, १९०८ मध्ये, मिंकोव्स्की या गणितज्ञाने कोलोन शहरातल्या व्याख्यानात त्याचा अर्थ उलगडला: अवकाश वेगळा आणि काळ वेगळा असे धरण्यात आता अर्थ नाही, दोहोंचे मिळून चार मितींचे एकच वस्त्र आहे. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने आणखी पुढची पायरी गाठली. हे वस्त्र सपाट नाही. वस्तुमानामुळे ते वाकते, आणि त्या वाकण्यालाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो. येथवर ठीक. पण शेवटी सर म्हणाले, की कृष्णविवरांची टक्कर संगणकावर सोडवताना शास्त्रज्ञ या अवकाश-कालाचे पुन्हा अवकाश आणि काळ असे भाग पाडतात.

प्रश्न विचारायची माझी सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात येणारी मीच पहिली. कोणता प्रश्न शहाणपणाचा आणि कोणता वेडगळ, हे घरून शिकून येण्याची सोय नव्हती. तरी त्या दिवशी हात वर गेला. ‘सर, एवढे कष्ट घेऊन एक केले, तर मग पुन्हा वेगळे का करायचे?’ सभागृहात थोडी खसखस पिकली. सर हसले नाहीत. म्हणाले, ‘उद्या दुपारी स्टाफरूममध्ये ये.’

मी गेले. त्यानंतर मार्चभर जात राहिले.

सरांनी पहिल्या दिवशी पावाचे उदाहरण घेतले. पाव म्हणजे सगळा अवकाश-काल, त्याचा एकेक काप म्हणजे एकेक ‘आत्ता’. आमच्या घरी पाव आजारपणातच येतो. मला आपले वाळूक डोळ्यांपुढे आले. आजी वाळकाच्या चकत्या करायची, कधी सरळ तर कधी तिरप्या. सरळ कापले तर जी दोन बिया एकाच चकतीत येतात, त्याच तिरपे कापले की दोन वेगळ्या चकत्यांत जातात. वाळूक तेच. बिया आपल्या जागी. बदलते ती सुरी. ‘एकाच वेळी’ म्हणजे एकाच चकतीत, एवढाच त्याचा अर्थ. सर म्हणाले, वाळूक चालेल, उलट बियांमुळे ते पावापेक्षा बरे आहे. मला अर्थातच फार आनंद झाला.

मग मी माझी विद्वत्ता दाखवली. मी इतिहासाची विद्यार्थिनी. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली तरी मुंबई शहराने तिच्या ३९ मिनिटे मागे असलेली आपली ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नव्हती, हे मी वाचले होते. तसेच ना हे? सरांनी मान हलवली. नाही. ते नावाचे भांडण. मुंबईकर आणि मद्रासकर एकाच क्षणाला दोन नावे देत होते; क्षण एकच आहे यावर दोघांचे एकमत होते. इथे क्षणच एक उरत नाही. मी गप्प बसले. पण ही चूक झाली ते बरे झाले. त्यामुळेच मला गोष्टीची खोली कळली.

१९०५ च्या सिद्धान्तात निदान सुरी सरळ असते. तिरपी धरा, पण काप सपाट. १९१५ च्या सिद्धान्तात तेही बंधन नाही. कापाला उंचवटे असू शकतात, खळगे असू शकतात. अट एकच: एका कापावरच्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी प्रकाशालाही पोहोचता येऊ नये. घड्याळेही कुठे सारखी चालतात? जमिनीलगतच्या घड्याळापेक्षा एक मीटर उंचीवरचे घड्याळ वर्षाला सुमारे साडेतीन अब्जांश सेकंद पुढे जाते. २०२२ मध्ये तर एका मिलिमीटरच्या उंचीने पडणारा फरकही प्रयोगात मोजला गेला. म्हणजे चुलीपाशी बसलेल्या आईचा काळ आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काळ यांतही अंतर आहे. मग सगळ्या विश्वासाठी ‘आत्ता’ची एकच चकती कोणी कापून ठेवली आहे, असे म्हणायला आधार काय?

आधार नाही. तरीही कापावे लागते, आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. आइन्स्टाइनची समीकरणे संपूर्ण वाळकाविषयी बोलतात. आधी काय, मग काय, हे ती सांगत नाहीत. आपल्याला तर ‘आज असे आहे, उद्या काय होईल’ हे विचारायचे असते. त्यासाठी कुठेतरी ‘आज’ धरावाच लागतो. एक काप घ्यायचा, त्याची सगळी मोजमापे लिहायची आणि पुढचा काप कसा असेल ते काढायचे. पण असा पुढचा काप खरोखर निघतो का? नुसत्या ‘आज’वरून ‘उद्या’ ठरतो का? हे १९५२ साली सिद्ध केले एका बाईने. त्यांचे नाव इव्हॉन शोके-ब्रुआ. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीवर १९७९ मध्ये निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री सदस्य. २०२५ मध्ये वयाच्या एकशे एकाव्या वर्षी त्या वारल्या. वडील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, आई तत्त्वज्ञानाची शिक्षिका, हे वाचून मला आधी जरा हेवा वाटला. मग पुढची ओळ वाचली: वडिलांना जर्मनांनी १९४४ मध्ये पकडून नेले आणि ते छळछावणीत मेले. हेवा तिथेच गळून पडला.

कापण्याची नीट रीत बसवली अर्नोविट, डेझर आणि मिझनर या तिघांनी, १९५९ ते १९६२ या काळात. गणित मला येत नाही, येण्याची शक्यताही नाही. पण हिशेब तेवढा कळला. अवकाश-कालाचा आकार सांगायला प्रत्येक ठिकाणी दहा आकडे लागतात. काप घेतला की त्यांतले सहा कापाच्या स्वतःच्या आकाराचे होतात. उरलेले चार निसर्गाचे नसतातच. ते कापणाऱ्याचे असतात. त्यांतल्या एकाला ‘लॅप्स’ म्हणतात. आपल्याकडे विम्याची पॉलिसी लॅप्स होते, ती भानगड इथे नाही. या कापापासून पुढच्या कापापर्यंत, त्या ठिकाणच्या घड्याळात किती काळ जाऊ द्यायचा, ते हा लॅप्स सांगतो. तो प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवता येतो: इथे एक सेकंद, तिथे अर्धा, आणखी कुठे जवळजवळ शून्य. बाकीचे तीन म्हणजे ‘शिफ्ट’: पुढच्या कापावर जाताना आखलेल्या रेघा बाजूला किती सरकवायच्या.

चार गोष्टींची अशी मोकळीक आहे. म्हणून मनाला येईल तसे वागता येते असे मात्र नाही. समीकरणेही दहाच आहेत, आणि त्यांतली सहाच कापाला पुढे नेतात. उरलेली चार पुढे-मागे काहीच बोलत नाहीत; ती कापावरच पहारा करतात. कापाची वक्रता, तो अवकाश-कालात कसा वाकून बसला आहे ते, आणि त्यावरचे द्रव्य, यांचा मेळ ठिकाठिकाणी बसलाच पाहिजे. न बसला तर तो काप कोणत्याही विश्वाचा नव्हे. एकदा पहिल्या कापावर बसला की पुढच्या प्रत्येकावर आपोआप बसतो. सर म्हणाले, ‘सुरी तुझी, पण वाळूक तुझे नाही.’

आता मी सरांना खरा प्रश्न विचारला. तो विचारण्यासाठीच मी महिनाभर स्टाफरूमच्या पायऱ्या चढत होते, हे मलाही तोवर नीट कळले नव्हते.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, माझ्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेत, इतिहासाच्या पेपरच्या दिवशी आजी गेली. सकाळी साडेदहाच्या सुमारास. दहा वाजता पेपर सुरू झाला होता. मोबाइल बंद करून दप्तरात, दप्तर वर्गाबाहेर. एक वाजता मी हसत बाहेर आले. हे मला पक्के आठवते, कारण पेपर चांगला गेला होता. फाटकाजवळ लिंबाखाली काका मोटरसायकल घेऊन उभे होते. ते बारा वाजल्यापासून तिथे उभे होते, हे मला नंतर कळले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांना बजावून पाठवले होते, की पेपर सुटल्याशिवाय पोरीला काही कळू द्यायचे नाही. माझ्यासाठी माती संध्याकाळपर्यंत थांबवली होती.

जिने मला पाठुंगळी घेऊन वाढवले, ती जात होती त्याच क्षणी मी काय करत होते? समास आखत होते. पुरवणी मागत होते. कदाचित पहिल्या प्रश्नाचे उत्तर येते म्हणून मनात खूश होत होते. हा ‘त्याच क्षणी’ मला वर्षभर टोचत राहिला होता. आणि इथे तर मोठमोठे शास्त्रज्ञ सांगत होते, की दूरच्या दोन घटनांना ‘त्याच क्षणी’ असे काही नसतेच, ते सुरीवर आहे! मग मी सुरी थोडी तिरपी का धरू नये?

हे सगळे मी सरांना सांगितले नाही. मी एवढेच विचारले: ‘आमचे गाव इथून पंचेचाळीस किलोमीटर. तिथली एक घटना आणि इथली एक घटना एकाच वेळी घडल्या, असे म्हणता येते का?’

सर माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर भागाकार केला. पंचेचाळीस भागिले तीन लाख. ‘प्रकाशाला तिथून इथे यायला एका सेकंदाचे दहा हजार भाग केले तर त्यांतले दीड लागतात. इकडे दीड, तिकडे दीड. काप कसाही घे, वाकडा घे, पाहणारा कितीही वेगाने पळव. तिथल्या क्षणाशी इथला जो क्षण जुळवता येईल, तो या तीन भागांच्या आतच. ही चैन दूरच्या ताऱ्यांसाठी आहे, बाई. तुमच्या-आमच्यासाठी नाही.’

सेकंदाचे तीन दशसहस्रांश. एवढ्यात पेनाचे टोक कागदावर टेकतही नाही. म्हणजे मी पेपरच लिहीत होते. कसेही कापले तरी.

मला राग आला. कोणाचा, ते सांगता येणार नाही. आठवडाभर मी स्टाफरूमकडे फिरकले नाही. मग एके दिवशी सरांनीच व्हरांड्यात थांबवून विचारले, ‘काप झाले, धागे राहिले ना?’

धाग्यांची गोष्ट आपल्या देशातली आहे. कलकत्त्याचे अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेले समीकरण जगभर त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी आधी कापांकडे न पाहता धाग्यांकडे पाहिले. प्रत्येक कण अवकाश-कालातून आपला एक धागा ओढत जातो. शेजारशेजारचे धागे जवळ येतात की दूर जातात, एकमेकांभोवती पीळ घेतात की नाही, ते पाहायचे. धाग्यावर मोजलेला काळ ज्याचा त्याचा असतो आणि तो कोणाच्या सुरीने बदलत नाही. धाग्यांना पीळ असेल, तर त्या सगळ्यांना काटकोनात छेदणारे काप घेताच येत नाहीत, हे मला विशेष वाटले. माझ्या मनाशी मी आजीचा धागा आणि माझा धागा ठेवून पाहिला. दोन्ही अठरा वर्षे इतके जवळून गेलेले, की कुठे कुठे वेगळे दिसू नयेत.

लायगोचे राहिलेच. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. एकीवर ती दुसरीपेक्षा सुमारे सात सहस्रांश सेकंद आधी पोहोचली. सुमारे एकशे तीस कोटी प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या छत्तीसपट आणि एकोणतीसपट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एक झाली होती. सगळा आवाज सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा. तो कशाचा, हे ओळखता आले, कारण अशी टक्कर आधीच संगणकावर सोडवलेली होती. ते जमायला मात्र दशके लागली. २००५ मध्ये फ्रान्स प्रिटोरियस यांना ते पहिल्यांदा साधले, त्यांची रीत थोडी निराळी होती. पुढच्या काही महिन्यांतच अमेरिकेतल्या दोन गटांनी कापांच्या रीतीनेही ते करून दाखवले.

अडचण काय होती, ते ऐकताना मी ताठ बसले. कृष्णविवराच्या पोटात वक्रता अमर्याद वाढते. काप पुढे सरकत सरकत तिथे जाऊन धडकला, की संगणकाचा हिशेब मोडतो. आणि मोडतो तो आतलाच नव्हे, बाहेरचाही. म्हणून लॅप्स असा निवडतात, की आत तो शून्याकडे जावा. आत काळ जवळजवळ थोपवून धरायचा, बाहेर चालू द्यायचा. जे व्हायचे ते टळत नाही. फक्त तिथवर काप नेत नाहीत, आणि तेवढ्या अवधीत बाहेरचे गणित पुरे होते. याला किंमत पडते. थांबलेला भाग आणि चालता भाग यांच्या मधला काप ताणत जातो. फार ताणला तर तिथेच फाटल्यासारखा होतो. मग शिफ्टने रेघा सरकवून तो ताण सैल करावा लागतो.

मला एकदम लिंबाखाली उभे असलेले काका दिसले. आई गेलेली, घरी माणसे जमलेली, आणि हा माणूस एक तास परक्या कॉलेजच्या फाटकाशी तोंड मिटून उभा. उपमा आहे, ताणली तर तीही फाटेल, हे मला कळते. कृष्णविवराबाहेर बातमी येऊच शकत नाही. आमची बातमी येऊन फाटकाशी थांबली होती. प्रकाशाला सेकंदाचा काही दशसहस्रांश पुरला असता, तिला अडीच तास लागले. कारण कोणीतरी ते ठरवले होते.

दिवाळीत घरी गेले तेव्हा ओट्यावर बसून अण्णांना हे सगळे सांगायचा प्रयत्न केला. वाळूक सांगितले, धागे सांगितले. औंढ्याच्या वेधशाळेत त्यांना अधिक रस. मग मी विचारले, त्या दिवशी तुम्ही मला का कळवले नाही? अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत.

‘तिनंच सांगितलं व्हतं,’ ते म्हणाले. ‘आदल्या राती. पोरीचा पेपर हाय म्हनली, तवर मला अवकाश हाय.’

थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, ‘साडेधाला काय लिहीत व्हतीस गं तू?’

‘अठराशे सत्तावनच्या उठावाची कारणे.’

‘किती व्हती?’

‘पाच.’

‘समदी लिहिली?’

‘तीन झाली होती. दोन नंतर लिहिली.’

अण्णांनी मान हलवली आणि ते गुरांना वैरण टाकायला उठले.